धुळवडीला न उसळलेले पाणी

आमगावच्या पुढे एका शेताच्या कडेला जमिनीतून उकळते पाणी उसळते, ही बातमी वैशालीने मला टेलिफोनवर सांगितली आणि रिसीव्हर खाली ठेवण्याआधीच मी ती मनाशी खोटी ठरवून टाकली. तरीही पुढच्याच आठवड्यात मी मिरजेहून गोंदियाला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसले होते. निवृत्त होईपर्यंत मी एकटीने केलेला सर्वांत लांबचा प्रवास सांगलीपर्यंतचा होता. त्यामुळे राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघालेल्या या बाईकडे घरच्यांनी ज्या नजरेने पाहिले, तिला मी दोष देत नाही.

वैशाली ही माझी जुनी विद्यार्थिनी. मिरजेतच वाढली, लग्न होऊन आमगावला गेली. "बाई, तुम्ही आम्हाला फळ्यावर काढून दाखवायचा ना, तसंच आहे. वेळेवर उसळतं. या ना बघायला," असे ती म्हणाली होती. तिच्या बोलण्यातील 'वेळेवर' हा शब्द मला वाटभर टोचत राहिला.

उष्ण पाण्याची कारंजी मी आयुष्यभर शिकवली. पाहिले एकही नाही. वाचकांसाठी ती गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. जमिनीखाली खोलवर तापलेला खडक हवा, त्याच्यापर्यंत मुरत जाणारे पाणी हवे आणि ते पाणी वर यायला एक अरुंद, वेडीवाकडी नळी हवी. नळीच्या तळाचे पाणी उकळबिंदूच्या पलीकडे तापते, पण डोक्यावरच्या पाण्याच्या भाराने त्याला उकळता येत नाही. मग केव्हातरी वरचे थोडे पाणी काठावरून सांडते. भार तेवढा हलका होतो आणि तळाच्या पाण्याची एकदम वाफ होऊन ती उरलेले सगळे आकाशात भिरकावते. पाणी संपले की शेवटी नुसती वाफ फुसफुसत राहते, नळी पुन्हा भरू लागते, आणि भरून तापेपर्यंत सारे शांत असते. म्हणजे आधी सांडणे, मग उसळणे, शेवटी वाफ. मुखाभोवती वर्षानुवर्षे साचलेला गारेसारखा पांढरा थरही असतोच. कोकणात गरम झरे आहेत. परंतु असे थांबून थांबून उसळणारे कारंजे आपल्याकडे कुठे असल्याचे मला ठाऊक नव्हते. गोंदियाकडचे खडक तर फारच प्राचीन, केव्हाच थंड झालेले. तिथे हा जाळ पेटवला कुणी?

नागपूरनंतर समोरच्या बाकावर एक तांदळाचे व्यापारी येऊन बसले. मोठे बोलके गृहस्थ. गोंदियात राईस मिल किती, कुठल्या गावचा तांदूळ कसा, हे त्यांनी मला न विचारता समजावले. मी भीत भीत गरम पाण्याच्या कारंज्याविषयी विचारले.

"कौन बोला आपको?" त्यांनी विचारले.

"एका विद्यार्थिनीने."

"देखिए, गाँव के लोग कुछ भी बोलते हैं," असे म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडले आणि गोंदिया येईपर्यंत ते मिटले नाही. एवढ्या बोलक्या माणसाला या एका विषयावर काहीच का बोलायचे नसावे?

गोंदिया स्थानकावर मराठी पाट्यांखाली सगळा व्यवहार हिंदीत चालला होता. पॅसेंजरने आमगावला उतरले, तेव्हा वैशाली फाटकाशी उभी होती. वाटेत दोन्ही बाजूंना बांध्या (बांध घातलेली धानाची खाचरे) पसरलेल्या. काही उन्हाळी धानाने हिरव्या, काही नुसत्या भेगाळलेल्या. हवेत एक कोंदट, आंबूस गोड वास भरून राहिला होता. "उसना तांदळाचा," वैशाली म्हणाली. धान गरम पाण्यात भिजवून, वाफवून, वाळवून मगच भरडले की तो उसना तांदूळ. इथल्या माणसांना तो वास आता येतच नाही म्हणे.

भारनियमनाचे दिवस होते. बंद पंख्याखाली बसून आम्ही लाखोळीच्या डाळीचे वडे आणि भात जेवलो. वैशालीच्या सासूबाई वाढत होत्या.

"पानी गरम हाय, ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "पन म्या एकच म्हनते. धरतीमाय चहा ठेवल्यावानी टायमावर कायले उकळते?"

"आई," वैशालीचे यजमान प्रभाकरराव खाकरले. त्यांचे बारदानाचे, म्हणजे तागाच्या पोत्यांचे दुकान आहे आणि त्यांची सारी गिऱ्हाइके मिलवालीच.

"मी का म्हटलं? आनखी वडा घ्या, बाई," सासूबाई म्हणाल्या आणि विषय तिथेच संपला. मला मात्र वडा गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळी-पिवळी जीपमधून आम्ही त्या गावी गेलो. गावाचे नाव मी जाणून लिहीत नाही. उजवीकडे एक जुना मोठा तलाव, त्याच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, बांध्या, डावीकडे एका राईस मिलची लांब भिंत आणि धुराडे. भिंत आणि बांध्या यांच्या मधल्या पट्टीत माणसांचे कोंडाळे होते. मध्यभागी जमिनीतून गुडघाभर वर आलेला लोखंडी नळ. पूर्वी कधीतरी खणलेली, पाणी न लागलेली बोअर. नळाला हळदकुंकू, शेजारी नारळाचा ढीग, आणि एका बाजूला चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्यांतली एक माझ्याकडे सरकवत स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ म्हणाले, "बैठिए मॅडमजी. चाय लेंगी?" हे मिलचे मुनीमजी. देवस्थानापाशी मिलचे मुनीम चहा का पाजत होते, हे मला कळेना.

दुसऱ्या खुर्चीवर गोविंदबाबा बसले होते. गावातला हा तलाव त्यांच्याच घराण्यातल्या पूर्वजांनी बांधला, असे वैशालीने कानात सांगितले. शब्दाला वजन असलेला, काटक, वृद्ध माणूस. "पाहा मॅडम, आमच्या गावावर किरपा झाली," ते म्हणाले. "मिलवाले स्वतःच्या खर्चानं ओटा बांधून देऊन राहिले. धुळवडीच्या सांजेले गाव बसनार हाय. तवा जागा ठरवू."

तेवढ्यात नळातून शिट्टीसारखा आवाज आला. लोक मागे सरले. प्रथम वाफ, मग वाफेबरोबर पाणी, पुरुषभर उंच, तडतडत. आणि मग कुणी तोटी फिरवावी तसे एकदम बंद. लोकांनी हात जोडले. मी पिशवीतून तापमापक काढून खळग्यात साचलेल्या पाण्यात धरला. पारा उकळबिंदूच्या जवळ जाऊन टेकला. पाणी खरोखरच कढत होते, आणि त्यामुळे माझा गोंधळ अधिकच वाढला. कारण बाकी सगळे उलटे होते. आधी पाणी सांडायला हवे होते, ते सांडले नाही. शेवटी यायची ती वाफ सुरुवातीलाच आली. नळाभोवती पांढरा थर कुठेच नव्हता. होता तो तपकिरी, बुळबुळीत साका.

कोंडाळ्यापासून दूर, बांधावर एक बाई डोक्यावर घागर घेऊन उभी होती. तिने हात जोडले नव्हते. तिच्या लुगड्याचा काठ ओला होता आणि ती पाण्याकडे न पाहता सारा वेळ माझ्याकडेच पाहत होती. खोटे असेल तर ते कोण करत असेल, असा विचार मनात घोळत असताना माझा पहिला संशय तिच्यावर गेला. मी जवळ गेले, तर तीच आधी बोलली.

"मिलवाल्यानं आनलं का तुमाले?"

"नाही. मी मिरजेहून आले. पाहायला."

"खुर्ची तर त्याईचीच होती. मागं बी एक कोटवाला मास्तर आनला होता त्याईनं. त्यानं बी अशीच काचेची कांडी बुडवली. म्हने, जमिनीतली उष्णता हाय. चहा पेला, चालला गेला." तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "तुमी का सांगान? तेच ना?"

परस्परांवर इतका अविश्वास असलेल्या दोन बायका त्या बांधावर क्वचितच समोरासमोर आल्या असतील. तिचे नाव पंचफुलाबाई. नळाला लागून असलेली ती पट्टी तिची. नवरा वारल्यावर वांगी-मिरची पिकवून आणि इतरांच्या बांध्यांत रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करून तिने घर चालवले होते. पट्टीच्या टोकाला विहीर. तिने मला तिथे नेले, बादली सोडली, ओढली आणि माझ्या नाकापुढे धरली.

"घ्या वास."

पाणी कोमट होते. आणि तो वास कालपासून माझ्या नाकात भरलेला होता. आंबूस, गोडसर.

"म्हैस तोंड लावत नाई याले," ती म्हणाली. "वांगी जरून गेली. प्याचं पानी तलावाच्या पल्ल्याडून आनतो. मी गेली मिलवर, तर मुनीम म्हनते, बाई, धरतीचं पानी हाय, आमी का करू? आता पंचाईत समजली का? धरतीचं असन, तर कोनाचा गुन्हा नाई. माही विहीर गेली ते गेली, अन् वरतून पट्टीवर यायचा ओटा. लोकाईच्या गाड्या लावाले बी मलेच जागा मागून राहिले."

ते कारंजे खरे की खोटे, हा माझ्या लेखी भूगोलाचा प्रश्न होता. तिच्या लेखी तो विहिरीचा आणि जमिनीचा होता. खरे ठरले तर तिने हात जोडून गप्प बसायचे.

"तुमी शिकेल बाई हा," ती बादली ओतत म्हणाली. "उद्या सांजेच्या बैठकीत उभं राहून सांगान का?"

मी आयुष्यात शाळेतल्या मुलींखेरीज कुणापुढे बोललेले नाही. स्नेहसंमेलनात आभार मानायची वेळ आली, तरी मी आदल्या दिवशी आजारी पडत असे. "आधी खात्री करू," असे मी म्हणाले, आणि तिने मान फिरवली. तिच्या मते ते नकाराचेच शिष्ट रूप होते, आणि ते पूर्णपणे चूकही नव्हते.

त्या संध्याकाळी गावोगाव होळ्या पेटल्या. अंगणात बाज टाकून बसले असताना प्रभाकरराव हलकेच शेजारी येऊन बसले. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "मॅडम, एक सांगतो. माझं नाव नका घेऊ. बॉयलरच्या तळाले गाळ बसते. तो काढाले तेच्यातलं पाणी दाबासकट बाहेर सोडा लागते. दर थोड्या टायमानं. सगळ्याच मिलात. धान भिजवलेलं पाणी सोडा लागते ते वेगळंच."

"ते पाणी सोडतात कुठे?"

"ते मी नाई पाहिलं."

"आणि उद्या?"

"उद्या धुळवड. मजूर सारे छत्तीसगडचे, गावाले गेले. बॉयलर थंडा."

खोल भूगर्भात तापणाऱ्या पाण्याला धुळवड ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. पण मिलचे पाणी जमिनीखालून त्या कोरड्या बोअरमध्ये सोडले जात असेल, तर उद्या नळ गप्प राहायला हवा. मला त्या रात्री फार बरी झोप लागली, असे म्हणणार नाही; पण आता पाहायचे काय, हे तरी ठरले.

धुळवडीच्या दिवशी रंगाने माखलेले निम्मे गाव नळाभोवती जमले. गुलाल वाहिला, नारळ फुटले. धुराड्यातून धूर नव्हता. नेहमीची वेळ आली आणि गेली. नळ मुका. कुणी म्हणाले, बायकांचा विटाळ झाला. कुणी म्हणाले, दारूच्या तोंडाने कुणीतरी आले, देव रुसला. "अरे, त्यानं बी भांग पेली असन, झोपला असन," असे एक रंगलेला तरुण ओरडला आणि हशा झाला. पंचफुलाबाई हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

सायंकाळी तलावाच्या पाळीवर बैठक भरली. गोविंदबाबा मधोमध, मुनीमजी त्यांच्या उजव्या हाताला. ओट्याच्या जागेचा विषय निघताच मी उभी राहिले. तापलेला खडक, अरुंद नळी, पाण्याचा भार असे काहीतरी मी सांगू लागले, आणि ते इतके पुस्तकी झाले की मागची माणसे आपापसांत बोलू लागली. शेवटी मी एवढेच म्हणू शकले, "जमिनीला सुट्टी नसते. मिलला असते. दोघांची सुट्टी एकाच दिवशी कशी आली, हे मला कळत नाही."

मागच्या माणसांनी माना वळवून मुनीमजींकडे पाहिले.

"मॅडमजी," मुनीमजी मवाळपणे म्हणाले, "आप तो मेहमान हैं. दो दिन रहेंगी, चली जाएँगी. गाँव का भला-बुरा गाँव जाने."

"मी नाई ना पाहुनी," मागून पंचफुलाबाईचा आवाज आला. ती पुढे आली. "बाबाजी, तलावाचं पानी सोडतो तवा आपन का करतो? एक मानूस तुडुमावर, एक मानूस शेवटच्या बांधीवर. हा हाक मारते, तो जवाब देते. तवाच पानी खरं, नाई त कोनी मधातच बांध फोडला म्हनून समजतो. व्हय का नाई?"

तुडूम म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे दार. पाणी सोडताना दोन टोकांना दोन साक्षीदार ठेवायचे, ही त्या गावची जुनी रीत.

"व्हय," गोविंदबाबा म्हणाले.

"मंग तसंच करा. परवा मिल चालू झाली का एक मानूस बॉयलरपाशी उभा करा, एक नळापाशी. त्याईनं पानी सोडलं का हाक मारा. नळ नाई उसळला, त मीच पयला नारळ फोडते अन् पट्टी बी देते."

लोकांत कुजबुज झाली. कुणी "खरं हाय" म्हणाले. गोविंदबाबांनी काठी टेकली. "मी जातो बॉयलरपाशी. मीच."

मुनीमजींचा चेहरा बदलला. "बाबाजी, बॉयलर ख़तरे की चीज़ है. बाहर के आदमी को अंदर नहीं ले सकते. मालिक की परमिशन नहीं."

"बाहरचा मानूस?" गोविंदबाबा सावकाश म्हणाले.

"नियम है, बाबाजी."

"माह्या आज्याच्या आज्यानं हा तलाव बांधला. तुडुमाचं दार आजवर कोनाले बंद नाई केलं. तुमचं धान भिजते ते पानी बी यातलंच ना? अन् मी बाहरचा?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "ओटा राहू द्या. दार खोलान, तवा ओट्याचं पाहू."

काहीही सिद्ध झाले नव्हते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. बंद दार हा पुरावा नव्हे. बॉयलर खरोखरच धोक्याची वस्तू आहे. परंतु बैठक उठली तेव्हा खुर्च्या उचलायला मिलचे कुणी पुढे आले नाही, आणि मुनीमजी चहा न घेता गेले.

मिल सुरू व्हायच्या दिवशी मी पुन्हा गेले. माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. धुराडे जोरात धूर ओकत होते. नळापाशी लोक सकाळपासून बसले होते. नळ शांत. दुपार झाली, काही जण उठून गेले. त्या पोकळ नळात मी कान लावला, तर तळाशी कुठेतरी थेंब पडल्याचा आवाज तेवढा आला. बायका नारळ परत घेऊन गेल्या. गोविंदबाबांनी नळाच्या तोंडावर एक सपाट दगड ठेवला आणि ते पाळीवरून घराकडे वळले. मिलच्या भिंतीचे दार बंदच होते.

पंचफुलाबाई विहिरीवर डिझेल पंप लावून पाणी उपसत होती. वैशाली पाइप धरायला गेली. मीही पदर खोचून उभी राहिले, पण माझा उपयोग काही झाला नाही. उपसलेल्या पाण्याचा वास तोच होता.

"जिंकलात तुम्ही," मी म्हणाले.

तिने घाम पुसला आणि धुराड्याकडे पाहिले. त्यातून काळा, दाट धूर निघत होता.

"बॉयलर चालू हाय ना, बाई?"

"हो."

"मंग पानी बी सोडतच असन ना कुठंतरी?"

इतका वेळ मी नळावर डोळे लावून बसले होते, आणि तो गप्प आहे म्हणून मनातल्या मनात खूष होते.

तिने पंप चालूच ठेवला, घागर उचलली आणि मिलच्या भिंतीमागच्या वाटेने निघाली. तिकडे दुसऱ्या गावच्या बांध्या आणि विहिरी लागतात. पहिल्या विहिरीपाशी ती थांबली, वास घ्यायला वाकली. खाली वाकलेली तिची पाठ मला दुरून दिसत होती. मग ती पुढच्या विहिरीकडे गेली.

परतीच्या प्रवासात माझ्या डब्यातली माणसे शांतपणे जेवत होती, बाटल्यांतून पाणी पीत होती. मिरजेला उतरल्यावर शेजारणीने विचारले, "काय हो, पाहिलंत का ते कारंजं?" मी "पाहिलं" असे सांगितले. खरे उसळते पाणी मी अजूनही पाहिलेले नाही, आणि आता त्याची मला तितकीशी ओढही उरलेली नाही. जे पाणी डोळ्यांसमोर उसळते, त्याची निदान चौकशी करता येते. गोंदियाकडच्या त्या भिंतीपाशी आता काहीच उसळत नाही, एवढे मात्र मला खात्रीने सांगता येते. आणि म्हणूनच माझे मन तिथून निघायला तयार नाही.